तीन गोळ्यांचे सहा वाटे

साल सत्तावन्न. माझं वय तेव्हा सत्तावीस. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, आणि सुई टोचण्यात जुन्नरपासून मंचरपर्यंत माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी म्हणत नाही. ज्यांना टोचलं ते म्हणायचे.

नोकरीच्या आठवणी लिहून द्या, असं दिवाळी अंकवाल्यांचं म्हणणं पडलं. नेमणूक कधी झाली, बदल्या किती झाल्या, ते सरकारी दप्तरात असेल. ज्याला पाहिजे त्यानं तिथं बघावं. मला क्षयाच्या रोग्यांबद्दल लिहायचं आहे. त्यातही एका घराबद्दल, कारण त्या घरात मी जेवढा चुकलो तेवढा दुसरीकडं कुठं चुकलो नाही.

ड्रेसर म्हणजे काय, हे आजच्या पोरांना माहीत नसतं. जखम धुवायची, पट्टी बांधायची, टाके काढायचे, आणि डॉक्टरसाहेब सांगतील त्याला इंजेक्शन द्यायचं. तेव्हा आजच्यासारख्या वापरून फेकायच्या सुया नव्हत्या. काचेची पिचकारी आणि चार-पाच सुया, त्यावर सगळा तालुका. सुई उकळायची, टोचायची, पुन्हा उकळायची. टोचून टोचून ती बोथट व्हायची. मग बारीक दगडावर तेल टाकून मी तिला धार लावायचो. धार बरोबर आली का हे बघायला सुई कापसातून ओढायची. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा दगडावर. बाकीचे ड्रेसर एवढं करत नसत. मी करायचो. माझी सुई टोचली की पोरगं रडायच्या आधी काम झालेलं असायचं.

क्षयाला लोक नावानं बोलवत नसत. ‘त्याला ते झालंय’ एवढंच म्हणायचे. त्यावर नवी औषधं आली होती. एक इंजेक्शन, त्याची भुकटी बाटलीत यायची, तिच्यात पाणी घालून टोचायची. एक पांढरी बारीक गोळी. आणि एक कडू पूड, ती पोटाला अशी लागायची की माणूस रोगापेक्षा तिलाच भ्यायचा. ही औषधं यायच्या आधी क्षय झालेला माणूस आम्ही नुसता बघत बसायचो. आता तो वाचू शकत होता. फक्त वर्षभर, दीड वर्ष औषध चुकवायचं नाही. आणि घोडं तिथंच अडायचं. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस येतं. माणूस म्हणतो, झालं, बरा झालो. रोग मात्र आत दबा धरून बसलेला असतो.

आणि माणसं लपवायची. जुन्नरच्या पेठेत एक फळवाले होते, बाबूभाई बागवान. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “दगडूभाऊ, मी दवाखान्याची पायरी चढलो तर उद्यापासून माझा पेरू कोण घेणार नाय.” खरंच होतं ते. मग मी रोज गिऱ्हाईक म्हणून जायचो. पेरू निवडायचो, हुज्जत घालायचो, आणि “आत चांगला माल आहे का?” म्हणून पडद्यामागं जाऊन सुई टोचून यायचो. बाबूभाई बाहेर येऊन मोठ्यानं म्हणायचे, “लई चिकट गिऱ्हाईक आहे बाबा!” ते पुरते बरे झाले. पेठेत कुणाला पत्ता लागला नाही. असली कामं करून माझी छाती फुगलेली होती. ती कशी खाली बसली ते आता सांगतो.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात डोंगराकडच्या मढ गावापलीकडच्या एका वाडीतून चिमा नावाची सून आली. आली म्हणजे घोंगडीच्या झोळीतून आणली. वय एकोणीस-वीस. खोकल्यातून रक्त पडत होतं. बरोबर नवरा नामा आणि सासू ठकूबाई. एरवी आमच्याकडची रीत अशी की सून आजारी पडली की तिला माहेरी धाडायची. बरी झाली तर परत आणायची, नाही तर सोयरीक दुसरीकडं बघायची. डॉक्टरसाहेबांनीही आधी तेच विचारलं, “माहेरी पाठवणार का? म्हणजे औषध तिकडं द्यायला सांगतो.”

ठकूबाई म्हणाली, “माह्यारी कशाला? दुखणं आमच्या घरात झालं, आमीच निस्तरू.”

त्या वाक्यावरनंच मला बाई कळायला पाहिजे होती. कळली नाही.

दोन महिने चिमा दवाखान्याच्या पडवीत राहिली. नामा तिच्यासाठी तिथंच तीन दगडांवर भात शिजवायचा. मी सुई टोचायचो. कडू पूड तिला पचेना, ती बंद केली. पण गोळी लागू पडली. रक्त थांबलं, ताप गेला, गालावर उजेड आला. तोवर आवणीचे दिवस आले. भाताची आवणी म्हणजे डोंगरातल्या माणसाचं वर्ष. त्या चार-पाच आठवड्यांत रोप चिखलात लागलं तर घरात दाणा. नामाचा जीव तिकडं ओढ घ्यायला लागला. डॉक्टरसाहेब म्हणाले, “एकदा घरी गेले की हे परत येणार नाहीत. मी शंभर वेळा बघितलंय.”

मी म्हणालो, “साहेब, ते येणार नाहीत तर मी जातो. महिन्याच्या गोळ्या घरी पोचत्या करतो.”

“पावसात? मढच्या पुढं?”

“सायकल मढला ठेवीन. पुढं पाय आहेत.”

साहेब हसले, पण हो म्हणाले. ही युक्ती माझी. तेव्हा कुठल्या सरकारी कागदात असं लिहिलेलं नव्हतं. दिवसाला तीन गोळ्या, महिन्याची एक बाटली. पहिली बाटली मी स्वतः ठकूबाईच्या हातात दिली. घरातली कर्ती तीच, म्हणून वस्तू तिच्या हाती द्यायची, एवढी रीत मला कळत होती. आणि वर ऐटीत म्हणालो, “ठकूबाई, ही तुमच्या घरची महिन्याची दवा. खोकल्याचा नायनाट करती. दिवसाला तीन, एक दिवस चुकवायचा नाही.”

ती म्हणाली, “न्हाई चुकवणार.”

आणि नाहीच चुकवलं. पुढच्या महिन्यात गेलो तर बाटली रिकामी. मोजून बरोबर संपलेली. मी दवाखान्यात येऊन साहेबांसमोर ती रिकामी बाटली ठेवली, जशी काय लढाई जिंकून आलोय.

तिसऱ्या खेपेला वाडीच्या खालच्या खाचरात बाया बेणणी करत होत्या. म्हणजे भातातलं तण उपटत होत्या. त्यात चिमा होती. मी हाक मारली तशी ती सरळ झाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तो आवाज मी ओळखतो. गळ्याच्या खालची दोन हाडं परत वर आली होती. तिनं पदरात तोंड पुसलं आणि पदर झटकन मुठीत घेतला. मी काय समजायचं ते समजलो.

तिथून घरापर्यंत मी डोकं तापवत गेलो. बाटली रिकामी होतेय, आणि पोरगी वाळतेय. मग गोळ्या जातात कुठं? सासू सुनेला देत नाही, दुसरं काय! फेकते नाही तर विकते. अंगणात पोचलो तेव्हा पाच-सहा घरची माणसं गोळा झालेली होती, सुईवाला आला म्हणून. त्या सगळ्यांदेखत मी ठकूबाईला म्हणालो, “सुनेला मारायची आहे तर सरळ नरड्याला नख लाव. सरकारचं औषध कशाला नासतीस?”

ठकूबाई ठेंगणी, काळी, ताठ. ती आत गेली, रिकामी बाटली आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. फेकली नाही, ठेवली.

“या घराची पायरी परत चढायची न्हाई,” ती म्हणाली. “चल, नीघ.”

मीही ताठच. निघालो. खाली ओढ्यापर्यंत नामा मागं धावत आला.

“भाऊ, तुमी लई वंगाळ बोलला.”

“मग गोळ्या कुठं जातात ते सांग!”

“आमच्या पोटात जात्यात. सगळ्यांच्या.”

मी थांबलो. नामानं सांगितलं ते असं. घरात माणसं सहा. ठकूबाई, थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची पोरगी, नामा आणि चिमा. रोज सकाळी ठकूबाई चुलीपुढं बसायची, अडकित्त्यानं तीन गोळ्यांचे सहा तुकडे करायची आणि एकेकाच्या हातावर ठेवायची. खोकला सगळ्यांनाच होता. चुलीचा धूर, वरचा पाऊस, कुणाला नसतो? आणि मीच सांगून गेलो होतो, ही घरची दवा.

“आमच्यात कुणी एकटं खात न्हाई भाऊ,” नामा म्हणाला. “शिकार झाली तर पोटुशी बाईच्या पोटातल्या पोराचा बी वाटा निघतो. वाटे पडताना दारात कुणी वाटसरू उभा असंल तर त्याला बी. आई एकटीला कशी दील? आन् आईनं स्वतःच्या वाट्याचा तुकडा एक दिस खाल्ला न्हाई. त्यो बी चिमालाच देती. तिला दोन, आमाला एकेक.”

मी ओढ्याच्या दगडावर बसलो. पिशवीतली नवी बाटली नामाला दिली आणि म्हणालो, “ही एकट्या चिमाची. कुणाला हात लावू देऊ नको.”

तो म्हणाला, “आईच्या हाती दिल्याबिगर घरात कायबी खाल्लं जात न्हाई.”

दवाखान्यात येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. बाटली तिथंच ठेवून आलो हेही सांगितलं. मला वाटलं, ते सासूला बोलतील. ते मला बोलले. “दगडू, अर्ध्या-मुर्ध्या औषधानं जंतू मरत नाही, उलट सरावतो. मग पुढं पुरं औषध दिलं तरी त्याला काही वाटत नाही. तू त्या मुलीला औषध दिलं नाहीस, तिच्या जंतूला तालीम दिलीस. अजून वेळ गेली नसेल तर नशीब. गोळी पुरी पोटात गेली पाहिजे आणि आठवड्यातून दोनदा सुई. नाही तर ही दिवाळी ती बघत नाही.”

म्हणजे आता असं झालं होतं, की ज्या घरात मला पायरी बंद, त्याच घरात मला आठवड्यातून दोनदा जायचं होतं. आणि जी बाई सगळ्यांना सारखं देते तिला सांगायचं होतं की बाकीच्यांना देऊ नको. नुसतं सांगून काय होणार? मी रात्रीची पट्ट्या-जखमांची कामं सोडून देईन, पण भांडणात माघार घेणार नाही, असा माझा स्वभाव. तीन दिवस मी तोंड वाकडं करून काम केलं. पण पदर मुठीत धरलेली ती पोरगी डोळ्यांपुढून हलेना.

चौथ्या दिवशी मढला मुक्काम केला आणि सकाळी न्याहारीच्या वेळेला बरोबर वाडीत पोचलो. अंगणात उभा राहिलो. पायरी चढलो नाही. आत चुलीपुढं ठकूबाई बसलेली, मांडीवर अडकित्ता. घरची सगळी माणसं भोवती. तिनं मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कट, एक गोळी. कट, दुसरी.

मी म्हणालो, “ठकूबाई, वाटे पडायला लागलेत. मी दारात उभा हाय.”

अडकित्ता थांबला.

“तू औषध घालणारा. तुला कशाला रं वाटा?”

“मी दारात उभा हाय का न्हाई, एवढंच सांग.”

थोरली सून फसकन हसली. ठकूबाईनं तिच्याकडं असं बघितलं की हसू जागच्या जागी विझलं. तिनं तिसरी गोळी कापली, पण पेच पडला होता. तुकडे सहा आणि माणसं सात. आणि रीत तिची होती, माझी नव्हती. तिनं तुकडे बोटानं मोजले. मग स्वतःचा तुकडा उचलला, जो ती रोज चिमाला द्यायची, आणि उठून येऊन माझ्या तळहातावर ठेवला. मला क्षणभर वाटलं, दगड्या, तू आणखी एक घोटाळा केलास. पोरीचा होता तोही गेला.

मी पायरीच्या खालूनच हात लांब केला. “माझा वाटा चिमाला.”

मग म्हणालो, “वाटा आपला झाला की तो कुणाला द्यायचा हे आपल्या हातात असतं ना ठकूबाई? मी माझा दिला. घरातल्या खोकल्यांना मी दुसरी दवा आणून देतो, पिशवीभर. पण रक्त एकटीचं पडतंय. साहेब म्हणाले, ती ही दिवाळी बघत नाही.”

हे मी असं धडधडीत चिमासमोर बोललो. बोलायला नको होतं, पण बोललो.

आधी हलली ती थोरली सून. तिचं आणि चिमाचं पाण्याच्या हंड्यावरून रोज वाजायचं, हे मला नामानं सांगितलेलं. तिनं आपला तुकडा चिमाच्या मांडीवर टाकला. “घे बाई. मला कुठं रगत पडतंय? तू लौकर बरी हो आन् खाचरात उतर. तुज्या वाटणीचं तण उपटून माजी कंबर मोडली.” मग थोरल्यानं दिला. नामानं दिला. पोरीचा तुकडा तिच्या आईनंच काढून दिला.

आता चिमा खाईना. मान खाली घालून बसली. “मी एकटी न्हाई खायाची.”

ठकूबाई तिच्यापुढं जाऊन उकिडवी बसली. सहा तुकडे गोळा केले आणि तिच्या तोंडाजवळ नेले. “एकटी कुठं खातीस गं? सगळ्यांचं खातीस. गीळ.”

चिमानं गिळले. वर तांब्याभर पाणी प्याली. मी डबा उघडून सुई उकळायची तयारी करायला लागलो, तर ठकूबाई पुन्हा दारात.

“थांब. त्या दिशी सगळ्या वाडीम्होरं बोललास. आता बी सगळ्या वाडीम्होरं बोल. मग सुई काढ.”

मी माफी मागणारा माणूस नाही. बापाची मागितली नाही, मास्तरांची मागितली नाही, म्हणून तर चौथीत शाळा सुटली. पण त्या सकाळी अंगणात उभा राहून मी हाका मारल्या. माणसं जमली. मी म्हणालो, “त्या दिवशी ठकूबाईला बोललो ते खोटं होतं. ती स्वतःच्या वाट्याचं सुनेला देत होती. चूक माझी होती. दवा कशी घ्यायची ते मी नीट सांगितलं नाही.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “मोठ्यानं बोल की राव, वरच्या आळीला ऐकू न्हाई गेलं.”

मी पुन्हा बोललो. मोठ्यानं.

मग पायरी चढलो आणि सुई टोचली. चिमानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. ठकूबाईनं मला नाचणीची भाकरी दिली आणि म्हणाली, “सुई चांगली टोचतोस. बोलाया तेवढं शीक.”

त्यानंतर दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोनदा मी ती वाट चाललो. एक खेप चुकवली नाही. पाय घसरून गुडघा फुटला तेव्हा स्वतःलाच पट्टी बांधून गेलो. दिवाळीनंतर सुई थांबली. गोळ्यांचे वाटे त्या घरात त्याच्यापुढंही वर्षभर रोज सकाळी पडले आणि रोज चिमाच्या तोंडात गेले. अडकित्ता मात्र ठकूबाईनं सोडला नाही. तुकडे केलेच पाहिजेत, नाही तर वाटा कसा म्हणायचा? मी काही बोललो नाही. सहा तुकडे पोटात जाऊन तीन गोळ्याच होतात. चिमाची थुंकी पुण्याला तपासायला गेली, ती स्वच्छ आली. जंतू सरावला नव्हता, किंवा सरावता सरावता राहिला. तिला पुढं दोन मुली झाल्या. थोरलीच्या लग्नात मला मानाचा टॉवेल-टोपी होता. पुढं खूप वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, सरकारनं गावोगाव असं ठरवलं, की क्षयाची गोळी रोग्यानं दुसऱ्यासमोरच गिळायची. तेव्हा आमच्याकडं एक साहेब हे शिकवायला आला होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. हे मी एका चुलीपुढं शिकून बसलोय, हे त्याला सांगितलं नाही. त्याचा उत्साह कशाला मोडा!

पण हे सगळं नंतरचं. त्या माफीच्या दिवशी मी संध्याकाळी दवाखान्यात परत आलो तो अंगानं दमलेला, पण डोकं जागं. आमच्याकडं एक कपाट होतं. ज्या रोग्यांनी औषध सोडलं त्यांची कार्डं त्यात बांधून ठेवलेली असत. साहेब म्हणायचे, कारण लिहून ठेव. मी सगळ्यांवर एकच कारण लिहायचो, ‘ऐकत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आधी मी ते कपाट उघडलं आणि गठ्ठा सोडला. कार्डं आठ निघाली. आठांवर माझंच वाकडंतिकडं अक्षर, ऐकत नाही, ऐकत नाही. त्यातली दोन माणसं तोवर मेलेली होती, हे मला ठाऊक होतं. ती दोन कार्डं मी बराच वेळ हातात धरली आणि परत ठेवली. उरलेली सहा खिशात घातली. सायकल काढली. पहिलं घर माझ्याच गावचं, अवसरी बुद्रुकचं. एक म्हातारा माळी, अंगणात लसूण सोलत बसलेला. मला बघून तो कावला, “आलास का पुन्हा शिव्या द्यायला?”

मी सायकल भिंतीला लावली, त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि लसणाचा एक गड्डा सोलायला घेतला.

“नाही बाबा,” मी म्हणालो. “तुमच्या घरात जेवायला माणसं किती, ते सांगा.”